आधी आपला हात

प्रिय दादा,

'दादा' हे वाचून तू कदाचित पाकीट उलटून नाव पुन्हा बघशील. पत्र तुझंच आहे. गेल्या आठवड्यात तुझ्या खाटेजवळ स्टुलावर जी मुलगी बसली होती आणि जिला तू अदबीनं विचारलंस, "ताई, तुम्ही कुणाकडे आलात?", ती मी. तुझी धाकटी बहीण. जन्मात तू मला कधी अहो-जाहो केलं नव्हतंस. कुलूप लावल्यावर मी ते परत ओढून बघते, म्हणून तू माझं नाव 'शंकी' ठेवलंस, आणि सगळ्या गल्लीनं तेच उचललं.

डॉक्टर म्हणाले, डोक्याची जखम भरली आहे, आठवणींचं मात्र सांगता येत नाही. घरचं काही कानावर घालत राहा. लिहायला बसले आणि हात थबकला. मी सांगेन ते तू खरं धरशील. पडताळून बघायला तुझ्याकडे दुसरं काहीच नाही. मनात आणलं तर मी तुला सुखवस्तू घर देऊ शकते, मागे बाग देऊ शकते. म्हणून ठरवलं, मला पक्कं ठाऊक आहे तेवढंच लिहायचं.

आपले आजोबा मालधक्क्यावर हमाल होते. पोटासाठी फौजेत गेले आणि परतले तेव्हा डावं पाऊल नव्हतं. गोळी लागली, असं ते गल्लीत सांगत. दर वर्षी ती गोळी थोडी मोठी व्हायची. शेवटी शेवटी तिचा तोफगोळा झाला होता. खरं काय ते आजीनं बाबांना सांगितलं आणि बाबांनी आपल्याला. बुटाच्या सोलमधला एक खिळा आतून वर आला होता. पलटण चालत होती, थांबायची सोय नव्हती. जखम चिघळली आणि पाऊल गेलं. शत्रूचं तोंडसुद्धा त्यांनी पाहिलं नव्हतं.

म्हणूनच की काय, बाबा मिसरूड फुटायच्या आत सैन्याचे बूट बनवणाऱ्या कारखान्यात लागले. सोल ठोकायचं काम. आई तिथेच वरचं कातडं शिवायची. 'आमचा जोडा कारखान्यातच जमला,' हा विनोद बाबा आल्यागेल्याला ऐकवायचे आणि आई दर वेळी म्हणायची, 'झालं यांचं सुरू.' ठोकून झालेल्या प्रत्येक बुटात बाबा हात घालत. तपासायला वेगळा माणूस होता, तरीही. बोटं पार टोकापर्यंत न्यायची, तळवा दाबून फिरवायचा. 'दुसऱ्याचा पाय जायच्या आधी आपला हात जाऊ दे,' म्हणायचे. त्यांचा उजवा तळवा कायम ओरखडलेला असे. घरातही तोच शिरस्ता. शाळेत जाताना आपण दोघं पायरीवर बसून आधी बुटात हात घालायचो, मग पाय. शेजारची पोरं विचारायची, 'विंचू पाळलेत का रे?'

दोघांपैकी एकानं शिकावं एवढीच घराची ऐपत होती. तू म्हणालास, मला अभ्यासाचा कंटाळा आहे. ते खोटं होतं. माझे धडे तुला माझ्याआधी पाठ असायचे. तू कारखान्यात कातडं कापायला लागलास आणि मी घरातली पहिली पदवीधर झाले. पुढे कारखान्यात कपात झाली तेव्हा तू भरतीच्या रांगेत उभा राहिलास. घरी येऊन म्हणालास, 'इतके दिवस बूट बनवले, आता फुकट घालून बघतो.' बाबांनी तुझ्याशी बोलणंच टाकलं. प्रशिक्षण संपवून तू सुट्टीवर आलास तेव्हाही तसंच. आघाडीवर निघायच्या सकाळी मात्र त्यांनी तुझे बूट मांडीवर घेतले आणि दोन्हींत किती तरी वेळ हात फिरवत बसले. तू दारात उभा होतास. गाडीची वेळ होत आली, पण तू 'द्या' म्हणाला नाहीस.

दादा, बाबा आता नाहीत. गेल्या हिवाळ्यात छातीच्या दुखण्यानं गेले. हे तुला तेव्हा कळवलं होतं, तुझं उत्तरही आलं होतं. आता दुसऱ्यांदा कळवावं लागतंय. ज्यांची ओळख चार ओळींपूर्वी करून दिली, त्यांना लगेच तुझ्याकडून काढून घेते आहे. पण हे लपवलं तर बाकीचं खरं कसं राहील?

अंथरुणाला खिळण्याआधी त्यांनी घरीच एक जोड करायला घेतला. सैन्याचा नव्हे, साधा, तपकिरी, तुझ्या मापाचा, तू परत आल्यावर घालायला. कातडं आईनं शिवलं, सोल त्यांनी ठोकले. आत हात घालून बघायचं तेवढं राहिलं. मी पुढे झाले तर आईनं माझा हात बाजूला केला. 'ज्याचे आहेत तो बघेल,' म्हणाली.

उद्या आई तो जोड घेऊन तुझ्याकडे येते आहे. तू तिला ओळखणार नाहीस, हे मी तिला सांगितलं. ती म्हणाली, 'पोटात होता तेव्हा तरी कुठे ओळखत होता?' आणि भिंतीकडे तोंड करून बसली. एक गोष्ट मात्र मी तिला सांगितलेली नाही. त्या दिवशी मला दारापर्यंत सोडायला तू उठलास. नर्सनं तिथले कापडी जोडे पुढे सरकवले. तू वाकून एक उचललास, त्यात हात घातलास, बोटं टोकापर्यंत नेलीस, तळवा फिरवलास. मग दुसऱ्यात. मगच पाय घातलेस. नर्स म्हणाली, रोज असंच करतात, का ते त्यांनाही माहीत नाही.

हे आईला आधी सांगितलं आणि उद्या तुझा हात बुटात गेलाच नाही, तर? तुला आधी सांगितलं, तर तू भला माणूस आहेस, तिच्यासाठी मुद्दाम करशील, आणि ते मला चालणार नाही. म्हणून हे पत्र नर्सकडे ठेवते आहे; आई येऊन गेल्यावरच ती तुला देईल. म्हणजे तू हे वाचशील तेव्हा व्हायचं ते होऊन गेलेलं असेल. हात गेला नसेल, तर खाटेखालचे बूट कुणाच्या हातचे आहेत, ते आता तुला कळलं. आणि गेला असेल, तर कुणी एक म्हातारी बाई तुझा तळवा उलटून, कुठे टोचलं तर नाही ना हे बघत, इतकी का रडत होती, हे तुला कुणीतरी सांगायला हवं. ती आपली आई, दादा.

तुझीच धाकटी,
शंकी