पाहुणे सगळे, यजमान कुठे?

७ फेब्रुवारी ८४, आलापल्ली
चौथीला मुख्य कल्पना शिकवायला घेतली. नागपूरच्या कॉन्व्हेंटात सिस्टर सांगायच्या तेच सांगितलं : उतारा म्हणजे घरचं जेवण. आधी यजमान ओळखा, मग पाहुणे. मुख्य कल्पना यजमान, बाकी तपशील पाहुणे. मुलं हसली. आम्हीही हसायचो, निळ्या रिबिनींतल्या साऱ्याजणी.
तळ्याच्या उताऱ्यात रुक्मानं लगेच सांगितलं, "तळं आटलं, हा यजमान. मासे, बगळे, म्हशी पाहुणे." गडचिरोलीच्या निवासी शाळेची परीक्षा हिनं द्यायलाच हवी. नाहीतर चौथीनंतर शेळ्यांमागे.

१३ फेब्रु.
आज वाघाचा उतारा. पाहुणे सगळे आले : पट्टे, पंजे, मिशा, दबकी चाल. यजमान कोणी सांगेना. रुक्मासुद्धा पाटीकडे बघत बसली.
"कोणाबद्दल आहे गं हे?"
"पट्ट्यायबद्दल, बाई."
मागे कोणीतरी खुदकन हसलं. इतकं शिकवून हे. परीक्षेत असं केलं तर...

१४ फेब्रु.
रुक्माची आई सरपण घेऊन चालली होती, थांबवलं. म्हटलं, तुझ्या पोरीला साधं वाघाचं... तिनं मोळी टाकून माझ्या तोंडापुढे हात धरला.
"नाव नोका घेऊ, बाई. मोठा म्हना. परवाच आमच्या टोल्यावरची, वस्तीतली गाय नेली त्यानं. नाव घेतलं का त्याले वाटते, आपल्याले बलावलं."
म्हणजे यजमान साऱ्या वर्गाला ठाऊक होता. मीच एकटी दारात उभी राहून विचारत होते. घरी येऊन पोटभर हसले.

२ मार्च
उद्या परीक्षा. रुक्माच्या घरी जाऊन तिला समजावलं, लिहिणं म्हणजे हाक मारणं नव्हे.
"काऊन नाई?"
"कागदाला आवाज नसतो."
"मंग तुमी कागद वाचता तवा आवाज कुठून येते?"
तिच्या आईकडे पाहिलं, तर ती म्हणाली, "मले इचारू नोका. मी त शिकली नाई."
जाऊ दे. उद्या दुसरं काहीतरी येईल. हत्ती, आंबा, पोस्टमन...

३ मार्च
उतारा त्याच्यावरच आला.
परतीच्या एसटीत मी विचारलं, "पाहुणे लिहिलेस?"
"सारे."
"आणि यजमान?"
खिडकीबाहेर साग, ऊन उतरलेलं. ती माझ्या कानाशी आली. "गाडी रानातून चालली न, बाई. घरी गेल्यावर सांगीन."
आलापल्ली यायच्या आत माझ्या खांद्यावर झोपली. स्टँडवर आई उभी होती. तशीच उचलून घेतली तिनं.
"लिव्हलं न इनं बराबर?"
उठवून विचारता आलं असतं. पण विचारायचं तर ते नाव घ्यावं लागलं असतं, आणि सांज झाली होती. म्हटलं, निकाल लागला की कळेल.