मॉरिस की फियाट

केडगाव, ४ फेब्रुवारी १९७२

चि. विजयमाला हिस रतनमावशीचे अनेक उत्तम आशीर्वाद.

गेल्या आठवड्यात तुला पाहून गेलेली दोन्ही मुलं नगरला नोकरीला, दोन्ही माझ्याच ओळखीतली. दोघांचाही होकार आला आहे. दाजी, म्हणजे तुझे आबा, म्हणतात, पोरीला काय विचारायचं? मी तर विचारणार. नावं लिहीत नाही, कारण माझं पत्र तुमच्याकडे ओट्यावर मोठ्यानं वाचतात. म्हणून गाड्यांचंच विचारते. एक फियाटमधून आला, दुसरा मॉरिसमधून. कोणती गाडी बरी वाटली, तेवढं कळव. लाजत बसलीस तर मीच ठरवीन, मग कुरकुर ऐकणार नाही.

पत्राची वाट पाहणारी,
मावशी

मिरजगाव, ८ फेब्रुवारी

ती. सौ. मावशीस सा. न. वि. वि.

फियाट देखणी. आवाज नाही, धूर नाही. आली, चहा झाला, गेली. आतल्या माणसाचा मला फक्त चष्मा आठवतो. मॉरिस मागून गोल, कासवासारखी. दारात येताच वाफा सोडून बंद पडली. तिच्यातले गृहस्थ स्वतः बादली घेऊन हौदाकडे निघाले. आधी आईला विचारलं, हे पाणी गुरांसाठी ठेवलेलं तर नाही ना? आई म्हणाली, "घ्या की, गाडी बी तान्हेलीच हाय." येताना निम्मं पाणी नव्या पँटीवर सांडलं, तर आपणच हसले. आबांना फियाट टिकाऊ वाटते. मला विचारतेस, तर मॉरिस.

माया आहेच, ती अशीच राहू दे.
तुझी विजयमाला

केडगाव, १४ फेब्रुवारी

चि. विजयमालास आशीर्वाद.

तुझं पत्र आलं तसं दाजींना कळवलं, श्रीमंत पसंत. रविवारी सुपारी फोडायचं ठरलं. तुमच्याकडे येण्याआधी दोघं माझ्याकडे भेटायला आले, तेव्हा श्रीमंतच मॉरिसमधून आला होता, राधाकृष्ण फियाटमधून. आणि आज बाजारात जाताना बघते, तर तीच मॉरिस आणि आत भलतीच माणसं! चौकशी केली, तर दोन्ही गाड्या पुणे रस्त्यावरच्या भिमाजीच्या. मुलगी बघायला जाणाऱ्यांना तो भाड्यानं देतो. ज्या दिवशी जी मोकळी असेल ती. माझं तर डोकंच चालेना. तुमच्या दारात मॉरिस कोणी आणली? शेवटी नावं लिहावीच लागली. वाचू देत कोणालाही. आणि रागावू नकोस, पण तू गाडीलाच तर भुलली नाहीस ना?

गोंधळलेली,
मावशी

मिरजगाव, १७ फेब्रुवारी

ती. सौ. मावशीस सा. न. वि. वि.

तुझं पत्र ओट्यावर वाचलं. आबा एवढंच म्हणाले, "गाडी भाड्याची निघाली. आता पसंती कशाची?" मी आत जाऊन भाकरी थापत बसले, तीही करपली.

फियाट श्रीमंतांनी आणली होती. ती तापली असती, तर कदाचित तेही बादली घेऊन उठले असते. मॉरिस नीट चालली असती, तर मला दोन्हीकडे चष्मेच दिसले असते. म्हणजे मी माणूस निवडला, की बिघाड? कितीही विचार केला तरी हे सुटत नाही. श्रीमंतांवर अन्याय होतो आहे, असंही वाटतं. पण गाडी भाड्याची असली, तरी पाणी घेण्याआधी विचारणं भाड्याचं नव्हतं. माझ्यापाशी तेवढंच आहे.

हे पत्र बंद न करता आबांच्याच हाती पोस्टात टाकायला देते आहे. रविवार अजून आला नाही.

लग्नानंतर बाईला हे नाव तोंडातून काढता येत नाही. म्हणून एकदा लिहून ठेवते. राधाकृष्ण.

तुझी,
विजयमाला