शिवलेली दोन पानं

बाबा, आज नागपूरहून माझ्या पुस्तकाच्या दुसऱ्या आवृत्तीची प्रुफं आली आणि प्रस्तावनेच्या पहिल्याच वाक्यावर माझं बोट अडलं.

इंझोरीच्या मठात दर पौर्णिमेला तुम्ही आपल्या पंथाच्या मूळ महाराजांचं चरित्र वाचायचात, आम्ही पोरं समोर बसायचो. पोथीतली मधली दोन पानं कडेनं दोऱ्यानं शिवलेली. तिथं आलात की सूर न मोडता तुम्ही सरळ पुढचं पान उलटायचात. एकदा मी विचारलं तर म्हणालात, "तिथं महाराज आराम करून राह्यले, पोरी. त्यायले उठवू नये." मला ते खरंच वाटायचं.

वाशीम अजून जुन्या मध्य प्रदेशात होतं तेव्हाची गोष्ट. कॉलेजच्या सुट्टीत आले होते. भर दुपारी तुमच्याच अडकित्त्यानं मी तो दोरा कापला. आत महाराजांची बायको होती. तान्ही पोर घेऊन मंगरूळपीरहून चालत मठाच्या दारी आलेली, आणि महाराजांनी तिला ओळखच दिली नव्हती. कुणा शिष्यानं डोळ्यांनी पाहून लिहिलेलं. मी लिहिलेलं महाराजांचं सगळं चरित्र त्या दोन पानांतून निघालं.

पुढच्या पौर्णिमेला पोथी उघडली आणि तुटका दोरा तुमच्या मांडीवर पडला. महंत गरजले, "हे कोनं केलं?" तुम्ही माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "म्या केलं," म्हणालात. मी गप्प बसले. त्या दिवसापासून पोथी दुसऱ्याच्या हाती गेली आणि तुम्ही पायरीवर, चपलांपाशी बसून ऐकू लागलात. मी मागच्या दारानं निघून जायची. घरी एकदाच बोललात, "लिहायचं तं लिही. पन त्या बाईले नीट लिहिजो."

पुस्तक निघायच्या आधीच तुम्ही गेलात. खरं लिहायला छाती लागते, असं लोक मला म्हणतात आणि मला मेल्याहून मेल्यासारखं होतं. कारण ते पहिलं वाक्य असं आहे: 'माझ्या वडिलांनी स्वतः दोरा कापून ही पाने मला दाखवली.' तुम्ही माझ्यासाठी खोटं बोललात, मी ते छापून टाकलं.

दुरुस्तीसाठी पेन उचललं. 'दोरा मी कापला.' तीनच शब्द, पण कागदावर उतरले नाहीत. प्रुफं तशीच परत पाठवली. हे पत्र मात्र कडेनं शिवून ट्रंकेत ठेवते आहे.