खांबाखालचा फोन

९ फेब्रुवारी, रविवार दुपार

प्रिय दादा,

नमस्कार. इकडे सगळं ठीक आहे असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहिलं. वहिनीची खुशाली कळव. मी नुसती दमले आहे.

आमचे डबे एकदाचे रस्त्यांवर लागले. खांबावर पत्र्याचा डबा. त्याच्याखाली उभं राहायचं, खिशातला छोटा फोन काढायचा आणि बोलायचं. कोपरा वळलात की बोलणं तुटतं. एवढ्यासाठी मी गेली दोन वर्षं अँटेनाशी आणि साहेबांशी भांडते आहे. आपल्या गल्लीच्या तोंडाशी, इस्त्रीवाल्यासमोरही एक लावला. बाबा म्हणाले, "माणसाला खांबाला बांधून बोलायला लावतेस होय? छान."

पण चाचणीचा एक फोन त्यांना दिला, तर तो त्यांच्या शर्टाच्या खिशातून निघेना. रोज संध्याकाळी खांबाखाली हजर. "रेंज तपासतोय," म्हणायचे. मला वाटलं, लेकीचं कौतुक. अंगावर मूठभर मांस चढलं.

परवा इस्त्रीवाला म्हणाला, "ताई, तुमचे बाबा कोणालाच फोन करत नाहीत हो. नुसते त्याच्याकडे बघत बसतात. मी स्टूल दिलंय."

घरी येऊन मी त्यांना पुन्हा समजावलं. या फोनवरून करता येतो, याच्यावर येत नाही. माणूस कुठल्या खांबाखाली आहे हे एक्स्चेंजला कळतच नाही, मग ते घंटा वाजवणार कुठे?

"माहीत आहे."

"मग?"

"तू बनवलायस. आज ना उद्या वाजेल."

"तुम्हीच करा ना दादाला."

"गेला तो. फोन त्याने करायचा."

तू भांडून घर सोडलंस त्याच आठवड्यात घरचा फोन त्यांनीच काढून टाकला. सुंभ जळला तरी पीळ जात नाही. तुझाही पीळ त्यांचाच आहे, रागावू नकोस.

फोन येण्याची सोय माझ्या आराखड्यात होती. खांबाखाली येऊन बटण दाबायचं, की हा माणूस इथे आहे हे डबा एक्स्चेंजला कळवतो. बैठकीत ती कापली गेली. साहेब म्हणाले, "लोक बोलायला येतील. वाट बघायला कोण उभं राहतं?" तेव्हा मी गप्प बसले. काल मात्र साहेबांना सगळं सांगितलं आणि आपल्या कोपऱ्यावरच्या डब्यात ती सोय चाचणी म्हणून बसवली. आठवडाभरच मिळेल.

सगळं म्हणजे काय, ते लिहायचं टाळत इथवर आले. बाबांच्या घशात गाठ आहे, आणि ती चांगली नाही. गुरुवारी ऑपरेशन आहे, त्यात स्वरयंत्र काढणार. जीव वाचेल म्हणतात. आवाज राहणार नाही. तुला कळवायचं नाही अशी त्यांनी शपथ घातली होती, ती मी मोडते आहे.

तुला फोनच केला असता, पण बाबांचं नाव काढलं की तू ठेवून देतोस. पत्र निदान शेवटपर्यंत वाचशील. तिकडे येणाऱ्या मैत्रिणीबरोबर पाठवते आहे, उद्या मिळेल. बाबांच्या खिशातल्या फोनचा नंबर पाकिटामागे लिहिलाय. बटण दाबायचं बाबांना शिकवलं. कशासाठी, हे त्यांनी विचारलं नाही.

बुधवारपर्यंत कुठल्याही संध्याकाळी कर. ते आधी रेंज नीट आहे का, एवढंच विचारतील. कदाचित दुसरं काहीच बोलणार नाहीत. तरी तू फोन ठेवू नकोस, दादा. त्यांच्या तोंडून ऐकायचं ते तेवढंच उरलंय.

तुझी, आणि त्यांचीही,
धाकटी