जळकोटच्या गाडीतली ऊब

९ डिसेंबर, मंगळवार

परत तेच! डायलिसिसची गाडी आजही जळकोटला पोचता पोचता मेटाकुटीला आली. चाकूरच्या पुढे व्यंकटीमामांनी हीटर बंद केला, तेव्हा कुठे बॅटरी पुरली. मामा चालवतात ती गाडी. फोनवर सांगत होते, पेशंटमधल्या केवळाबाई सगळ्या वाटेने कुडकुडत होत्या. मशीनवरून उठलेल्या माणसाला आधीच हुडहुडी भरलेली असते, त्यात हा गारठा.

राग आला. गाडीचा, थंडीचा, स्वतःचाही. ट्रस्टने हौसेने इलेक्ट्रिक गाडी घेतली. मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी जळकोटहून चार पेशंट लातूरला आणायचे, संध्याकाळी परत न्यायचे. चार्जर एकच, जळकोटच्या शेडात. पावसाळ्यात एका चार्जिंगवर जाऊन-येऊन वर थोडी शिल्लक राहायची. थंडी पडली आणि कुठेतरी घोडं पेंड खायला लागलं. गाड्यांच्या एसी-हीटरचं काम आमच्या लातूरच्या दुकानाचं, म्हणजे माझं. माझा नवरा मुनीब गिऱ्हाइकांना सांगतो, मी फक्त चहा पाजतो, गाडी बेगम बघते. खरंच आहे ते.

१० डिसेंबर

ट्रस्टच्या राजशेखर साहेबांचा फोन. माणूस गोड बोलतो, पण बोलला ते कडूच — महिनाअखेरपर्यंत सुधारलं नाही तर जानेवारीपासून गाडी उभी. ऊन तापलं की बघू म्हणे. मी विचारलं, तोवर पेशंटनी काय करायचं? तर, एसटी आहे की!

एसटी आहे की! स्वतः एकदा मशीनवरून उठून एसटीच्या गर्दीत उभं राहून बघावं.

१२ डिसेंबर, शुक्रवार

पेशंट सेंटरमध्ये, गाडी माझ्या ताब्यात. सगळी उलगडून पाहिली.

हीट पंप म्हणजे उलटा चालणारा एसी. एसी आतली गरमी बाहेर फेकतो, हा बाहेरच्या गार हवेतली ऊब गोळा करून आत आणतो. गारठ्यातही ऊब असतेच — कॉलेजात सरांनी हे सांगितलं तेव्हा मला फार आवडलं होतं, अजून आवडतं. थोड्या विजेत भरपूर काम. पण बाहेरून पुरेशी ऊब ओढता आली नाही, की गाडी मदतीला दुसरी कॉइल लावते. गिझरमध्ये असते तशी. ती मात्र बॅटरी घटाघटा पिते.

गॅस पुरेसा. गळती नाही. कॉम्प्रेसर ठणठणीत. पुढच्या जाळीत सुतळीचे धागे अडकले होते, ते उपटून फेकले. पाइपांना नवा फोम गुंडाळला. दुकानासमोर पंप कसा झकास चालला! कॉइल लागलीच नाही.

मामा निघताना विचारत होते, आता जळकोटला पोचून किती उरेल? म्हटलं, आधी पोचू तर द्या.

१३ डिसेंबर

काडीचा फरक नाही. फोम गेला पाण्यात.

१६ डिसेंबर, मंगळवार

केवळाबाई आज आल्याच नाहीत! फोन लावला. म्हणाल्या, "सुया टोचून घ्यायच्या आन् येताना गारठून मरायचं. त्यापरीस घरीच बरं हाय, माय."

भांडले त्यांच्याशी. डायलिसिसची एक पाळी चुकली तर अंगात पाणी साठतं, दोन चुकल्या तर काय होतं ते त्यांनाही ठाऊक आहे. शेवटी म्हटलं, शुक्रवारी या, मी स्वतः गाडीत असेन. बोलून तर बसले.

आणि एक गोष्ट डोक्यातून जात नाही. मामा दर खेपेला दुपारी कापडात काहीतरी बांधून कुठे जातात? दर वेळी "किती उरंल, ताई?" हे का विचारतात? मुनीबला वाटतं, गाडी घरच्या कामाला फिरवत असणार. किलोमीटर तर जुळतात. पण संशयाला किलोमीटर लागत नाहीत, मलाही वाटायला लागलंय.

१८ डिसेंबर, गुरुवार

एसटीने जळकोटला आले. मुक्काम केवळाबाईंकडे. ज्वारीची भाकरी, अंबाडीची भाजी, लसणाची चटणी. माझ्यापुढे तांब्या भरून ठेवला, स्वतः मात्र इतकासा घोट घेतला. जास्त पाणी चालत नाही ना. मला लाज वाटली, तर म्हणतात, तू पी, तुझं बघून माझी तहान भागते.

उद्या येणार आहेत. माझ्यामुळे, गाडीमुळे नाही — हे तीनदा ऐकवलं!

१९ डिसेंबर, शुक्रवार

सापडलं! सापडलं!!

पहाटे शेडात गेले तर मामा गाडीच्या तोंडावर पोतं बांधत होते. चांगलं जाड गोणपाट. चारी कोपऱ्यांना सुतळी, वर पक्क्या गाठी. लेकराला कानटोपी बांधतात तसं, मायेने. मी विचारलं, हे काय चाललंय?

"गारठ्यात म्होरून वारं लागलं की इंजिन गरम होत न्हाई, ताई. जीपला पंचवीस वर्सं बांधलंय. समदेच बांधतात की."

बांधतात! थंडी पडली की आमच्याकडचे जीपवाले, टेम्पोवाले सगळे हेच करतात. अब्बांच्या टेम्पोलाही असायचं. डिझेल इंजिनाला गार वारा सोसत नाही, म्हणून त्याचं तोंड झाकायचं.

"मामा," मी म्हटलं, "हिला इंजिनच नाही."

त्यांना पटेना. म्हटलं, बरं, रोजच्यासारखं बांधूनच निघा. चार-पाच किलोमीटरवर गाडी थांबवून पोतं उचललं. मागे जाळीवर पांढरा बर्फ! हीट पंप त्याच जाळीतून बाहेरची हवा घेतो, आणि तिचंच नाक दाबलेलं. हवा नाही म्हणून ऊब नाही, ऊब नाही म्हणून ती गिझरवाली कॉइल चालू, आणि बॅटरी स्वाहा. चाकूरला चहाला थांबेपर्यंत ऊन यायचं, मग पोतं सीटखाली. म्हणून दुकानात गाडी अगदी साळसूद! संध्याकाळी ऊन उतरलं की परत पोतं. आणि ते सुतळीचे धागे मी माझ्या हाताने उपटले होते. डोळे असून आंधळी!

मला हसू आवरेना. मामांचं तोंड मात्र एवढंसं झालं. म्हणाले, "म्हंजे समद्यांला म्याच गारठवलं?" समजूत घालता घालता मलाच रडू आलं. पेशंटना ऊब मिळावी म्हणूनच बांधत होते ना ते.

पोतं न बांधता गेलो आणि आलो. परतताना केवळाबाईंनी शाल काढून घडी करून मांडीवर ठेवली, आणि झोपल्या. चक्क घोरत होत्या. इतका गोड आवाज मी बऱ्याच दिवसांत ऐकला नव्हता.

२३ डिसेंबर, मंगळवार

आता माझी भूक वाढली आहे. पोत्याने खाल्लेलं परत मिळालं, पण तेवढ्यावर का थांबायचं? निघण्याआधी शेडातच, चार्जर लावलेला असताना गाडी गरम करून घ्यायची, म्हणजे बॅटरीला हात लागत नाही. गरम वारा टपाकडे जात होता, तो पायांकडे वळवला. पाय उबले की माणूस उबतो. मोटरीची गरमी फुकट बाहेर जात होती, ती पंपाकडे घेतली. हे काम किचकट होतं, हाताची सालं निघाली, पण जमलं! आणि पोतं? ते पेशंटच्या पायाखाली अंथरलं. खालचा पत्रा गार लागतो म्हणून केवळाबाईंचीच सूचना.

आज मीही गाडीतून गेले. जळकोटला पोचून तीस टक्के शिल्लक. तीस! राजशेखर साहेब म्हणाले, गाडी चालू राहील. वर म्हणतात, मला खात्री होतीच. असू दे.

मामांना आकडा दाखवला तर पुसलेलीच काच परत पुसत बसले.

२६ डिसेंबर, शुक्रवार

मामांनी आज खाली बघत विचारलं, जळकोटच्या पुढे त्यांच्या गावापर्यंत गाडी जाईल का? दहा किलोमीटर. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा.

म्हणजे मुनीब म्हणत होता तेच! घरची कामं! साहेबांना विचारा, असं मी तुटक बोलले. तर मामांनी त्यांना आधीच विचारलेलं. गाडी झेपेल असं रजियाताई म्हणाल्या तर न्या, असं साहेबांचं उत्तर. गाडीला झेपतं, हे खोटं कसं सांगू? हो म्हटलं. कशासाठी, हे मात्र विचारलं नाही. फणकाऱ्यातच होते.

३० डिसेंबर, मंगळवार

आज परतीच्या गाडीत पाचवी पेशंट बसली. पार्वतीबाई, व्यंकटीमामांची बायको. डायलिसिससाठी वर्षभर घरदार सोडून इथे बहिणीच्या खोलीत राहत होत्या. गाव गाडीच्या आवाक्याबाहेर, म्हणून. कापडात बांधून मामा न्यायचे ती घरची भाकरी. मांडीवर कपड्यांचं बोचकं, पायाखाली ते पोतं. घरी निघाल्या होत्या. शुक्रवारी आता तिथूनच येतील.

पोचल्यावर मामांचा फोन आला. आज मीच विचारलं, किती उरलं?

म्हणाले, "बघायचंच ऱ्हायलं, ताई."