आगेऱ्याची पेंढी

पापडी, वसई
१८ जून २०२४

प्रिय शकू,
स. न. वि. वि.

तुझ्या प्रितेशला फोन केला तर तो म्हणाला की आई मजेत आहे, फक्त कानाचं मशीन लावत नाही. मजेत असलेली माणसं मशीन फेकून देत नाहीत, असं मी त्याला ऐकवलं. तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये बसून लोकांना लोकांशी जोडून दिलं, आणि आता माझ्या एकुलत्या मैत्रिणीशी बोलायला मला पोस्टाचं तिकीट चिकटवावं लागतंय. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरांनी छड्या मारून वळवलेलं अक्षर शेवटी कामाला आलं.

काल चर्चच्या आगेरा सणाच्या कमिटीची सभा झाली. गेल्या वर्षी यांनी भाताच्या पेंढ्या बाजारातून आणल्या, वर सॅटिनच्या फिती! नव्या पिकाची पहिली कणसं देवापुढे न्यायची, ती निदान आपल्या मातीतली नकोत? कमिटीतला स्टॅनी म्हणाला की आंटी, आता शेत कुणाकडे उरलंय? मी उभी राहून सांगितलं की माझी पेंढी शकूच्या खाडीकडच्या शेतातून येते, तिचा नवरा शत्रुघ्न सायकलला बांधून आणायचा तेव्हापासून येते, आणि यंदा मिरवणुकीत तीच पुढे असेल. स्टॅनीने वहीत माझं नाव सगळ्यांत वर लिहिलं.

इकडे भावाचा मर्विन घरामागचं बावखल बुजवायचं म्हणतोय. ज्या तळ्याच्या पाण्यावर पप्पांनी केळी वाढवली, तिथे याला गाडी उभी करायचीय. डास चावतात म्हणे. मी म्हटलं, मीही चावते, मलाही बुजव.

तू विरारहून शेतावर कधी जातेस ते कळव. लोभ आहेच, तो पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
जुलियाना

विरार
२ जुलै २०२४

प्रिय जुलीस,
शकूचा नमस्कार.

तुला एक सांगायचं राहिलं. राहिलं म्हणजे मीच राहू दिलं. शेत गेलं. होळीनंतर मुलांनी विकलं. आता तिथे भराव पडलाय. तुला कळवलं असतं तर तू ट्रकपुढे येऊन उभी राहिली असतीस, आणि माझ्या मुलांना तुझी फार भीती वाटते.

सून रचना चांगली आहे, हे आधी लिहिते. सोसायटीच्या हास्यक्लबात तिने माझं नाव घातलं. तिथे सगळे एकदम हसतात आणि एकदम थांबतात. डॉक्टरांनी विचारलं की आजी, तुमचं मन कशात रमतं? मी सांगितलं, चिखलात. त्यांनी प्रितेशकडे बघितलं आणि गोळी वाढवली.

अकराव्या मजल्यावरून पाऊस नुसता दिसतो, टीव्हीतल्यासारखा. ऐकू येत नाही, अंगावर येत नाही. हे आवणीचे दिवस, चिखलात भात लावायचे. कणीक मळायला घेतली की हात थांबत नाहीत, शेवटी रचना परात काढून घेते. माझ्या सासूबाई, धोंडूबाई, पावसाचं पाणी घोट्याला लागेपर्यंत कुणाशी धड बोलायच्या नाहीत, आणि एकदा लागलं की दिवसभर हसायच्या. मी त्यांना वेडी समजायचे.

यंदा तू बाजारची पेंढी घे. रागावू नकोस.

तुझीच,
शकू

पापडी
९ जुलै २०२४

प्रिय शकू,
स. न. वि. वि.

रागावले आहे. शेत गेलं म्हणून आणि मला सांगितलं नाहीस म्हणून, दोन्हीसाठी वेगवेगळी. पत्र वाचून दिवसभर मर्विनवर ओरडत होते, त्याची काही चूक नसताना.

बाजारची पेंढी मी घेणार नाही. मर्विनच्या गाडीतून चिंचोटीच्या बाजूला गेले. धबधब्यावर निघालेल्या पोरांच्या गर्दीत तासभर अडकलो, पण एका बाईकडून भाताची रोपं मागून आणली. बावखलाच्या कडेचा ओला तुकडा उकरला आणि लावली. आमच्या घराण्यात केळी आणि पानवेली, भाताला कुणी हात लावलेला नाही. पण कॉन्व्हेंटात भरतकाम शिकले आहे, ओळीत टोचणं मला जमतं. मर्विन ओट्यावर उभा राहून माझे फोटो काढत होता.

त्याच्याशी ठरवलंय. आगेऱ्याला इथली पेंढी निघाली तर बावखल राहील. नाही निघाली तर तिथे त्याची गाडी. तेव्हा पुढे काय करायचं ते लिही. त्यापेक्षा ये.

रोपं लावली त्या रात्री कित्येक महिन्यांनी गोळीशिवाय झोपले. हे डॉक्टरला सांगू नकोस, त्याला वाईट वाटेल.

तुझी,
जुली

विरार
१७ जुलै २०२४

प्रिय जुलीस,
शकूचा नमस्कार.

भरतकामाचं वाचून मी इतकी हसले की रचना धावत आली. तिला वाटलं, काही होतंय.

पाणी घोट्याएवढं ठेव. पाऊस थांबला तर बावखलातून दे. गवत वेळेवर काढ, पण ते दिसायला भातासारखंच असतं, तेवढं जपून.

येणं जमणार नाही. गुडघे असे, आणि प्रितेश म्हणतो की तिथे पडलीस तर काय? म्हणून इथे न पडता बसले आहे.

तुझीच,
शकू

पापडी
२२ सप्टेंबर २०२४

प्रिय शकू,
स. न. वि. वि.

आली कणसं! सगळं गवत मी माझ्या हातांनी उपटलं. जे नाजूक, मरतुकडं होतं ते काढून कोपऱ्यात फेकलं. उंच, दणकट तेवढं ठेवलं. मर्विन आता सकाळी चहा घेऊन तिथेच उभा राहतो, पण हे मी बघितलेलं त्याला आवडत नाही. एक कणीस पाकिटात घालते आहे. जवळ घेऊन वास घे आणि मला शाबासकी दे. मला शाबासकी द्यायला आता तुझ्याशिवाय कुणी उरलेलं नाही.

तुझी,
जुली

विरार
३० सप्टेंबर २०२४

प्रिय जुली,

पाकीट उघडलं आणि कणीस हातात धरून बराच वेळ गॅलरीत बसले. कसं लिहू? हे भात नाही गं. हे गवत आहे. तू भात उपटलंस.

चूक माझी. जपून म्हणजे कसं, ते मी सांगितलंच नाही. ते डोळ्यांनी कळत नाही, बोटाने कळतं. पान जिथे काडीला धरतं तिथे बोट फिरवायचं. भाताला तिथे बारीक लव लागते, या गवताला काहीच नसतं. हे कुणी मला शिकवलं नव्हतं, वाकून वाकून हाताला कळलं. इथून ते पाकिटात घालून कसं पाठवू?

आता हट्ट सोड. मर्विनला त्याची जागा दे.

शकू

पापडी
७ ऑक्टोबर २०२४

प्रिय शकू,
स. न. वि. वि.

काल आगेरा झाला. तुझं पत्र आदल्या दिवशी मिळालं होतं. मिरवणुकीत माझं नाव सगळ्यांत पुढे. मी ते गवत कापलं, केळीच्या सोपटाने त्याची पेंढी बांधली आणि निघाले. म्हटलं, हसतील तर हसू देत.

कुणी हसलं नाही. फादरांनी तीर्थ शिंपडलं. स्टॅनीने विचारलं की आंटी, ही भाताची कोणती जात? शेजारच्या टिफनीने फोटो काढले. ज्यांच्या आया जन्मभर भातात वाकल्या, त्या बायांनी एकेक कणीस मागून घेतलं आणि घरच्या आल्ताराला, क्रुसापुढे लावायला नेलं. देवाला कळलं असणार, पण तो माझ्यासारखा तोंडाळ नाही. मला वाटलं होतं, आपण गालातल्या गालात हसू. नाही आलं हसू. भरल्या चर्चमध्ये मला इतकं एकटं कधी वाटलं नव्हतं, पप्पांच्या मयतालाही नाही. मला ‘जुली, हे गवत आहे’ असं सांगणारी एकच बाई, आणि ती विरारला अकराव्या मजल्यावर.

घरी येऊन मर्विनला खरं सांगितलं. तोही हसला नाही. म्हणाला की त्यालाही ओळखता आलं नसतं. मग बावखलाभोवती एक फेरी मारून आला. एक वर्ष थांबतो म्हणाला, पण पुढच्या वर्षीची पेंढी शकूमावशीने पास केलेली हवी.

तळमजल्यावरची पप्पांची खोली रिकामी केली आहे. एकही पायरी नाही. बावखलापर्यंत धरायला मर्विनने बांबू बांधलाय. पडलीस तर चिखलात पडशील, तो मऊ असतो. प्रितेशला मीच फोन करते. त्याला माझी भीती वाटते, हे तूच लिहिलं आहेस.

आज सकाळी तिथे गेले होते. उपटून फेकलेल्या ढिगाखाली एक रोप पुन्हा रुजलंय. वाकून बोट फिरवलं. लव लागली. की मला नुसतं वाटलं? ये आणि सांग.

वाट बघणारी,
जुली