घरात माणसं किती

४ नोव्हेंबर

चि. नर्सबाई यांस,

आईचे आशीर्वाद. फोन तू उचलत नाहीस, पण पत्र आलं की पाकीट फाडायला धीर धरत नाहीस हे मला ठाऊक आहे. लहानपणी तर शेजाऱ्यांचीही वाचायचीस. मी खुशाल आहे. गुडघे खुशाल नाहीत, पण त्यांना विचारतंय कोण. लिहायला कारण असं काही नाही. उगाच.

टेलरमास्तरांकडे शाळेच्या गणवेशांचं मोठं काम आलंय. दिवसाला चारशे बटणं लावते. डोळे मिटले तरी चार भोकं दिसतात. मास्तर म्हणाले, "ताई, जरा कमी बोलत जा, बोलताना हात थांबतो तुमचा." मी म्हटलं, "मास्तर, हात थांबतो तेव्हा मी जेवत असते. बोलताना नाही थांबत." मास्तरीणबाई खूप हसल्या. बऱ्याच दिवसांनी हसल्या बिचाऱ्या.

गल्लीत एक गंमत झाली ती सांगते. सरकारने माणसांच्या मनाची मोजणी काढलीय. कुणाला उदास वाटतं, कुणाला झोप नाही, कुणाला नसलेले आवाज ऐकू येतात, औषध चालू आहे की नाही, सगळं घरोघर विचारायचं. आमच्या गल्लीतली चाळीस घरं त्यात आली. विचारायला एक पोरगी, तुझ्यापेक्षा दोनतीन वर्षांनी लहान, हातात टॅब, पायात झिजलेल्या चपला. पहिलं घर मास्तरांचं. मी आतल्या खोलीत बटणं लावत होते, सगळं ऐकू येत होतं. पोरीने विचारलं, "मागच्या दोन आठवड्यांत कशातच मन लागत नाही, असं झालं का?" मास्तरीणबाई म्हणाल्या, "हो." झालं! त्या एका होच्या मागून नऊ प्रश्न निघाले, नवांच्या मागून आणखी. दीड तास गेला, चुलीवरचं करपलं, बाई रडल्या ते वेगळंच.

मग मी काय केलं, बाहेर येऊन गल्लीला सांगून टाकलं. प्रत्येक बाबतीत पहिल्याच प्रश्नाला नाही म्हणा, पुढचं पान उघडतच नाही, पोरगी दहा मिनिटांत उठते. नळावर सगळ्या हसून हसून बेजार. बेकरीवाल्याची बायको, जी रोज भांडी घासताना डोळे पुसते, तीसुद्धा म्हणाली, "ताई, तुम्ही सरकारात असायला हव्या होत्या."

माझी पाळी आली तेव्हा मी पोरीला फार छळलं.

"कशातच मन लागत नाही, असं झालं?"

"मन लावायला वेळ कुठाय बाई, बटणं लावते."

"हो की नाही तेवढं सांगा, काकू."

"नाही."

"झोप लागत नाही, असं?"

"तुझे प्रश्न ऐकून आत्ताच यायला लागलीय."

तीही हसली. आधी तिने एक भलंमोठं पान वाचून दाखवलं होतं, हे कशासाठी, ते कशासाठी. माझं लक्ष नव्हतं. घरातल्यांचं विचारलं, ते मी सांगितलं काय सांगायचं ते. तुझे बाबा असते तर घोरण्याचा प्रश्न का नाही म्हणून तिच्याशी भांडले असते.

आता तू विचारणार, तुझा भाऊ, आपला घड्याळजी, कसा आहे. तू जाताना उंबऱ्यात उभी राहून म्हणालीस, "त्याला डॉक्टरकडे नेशील त्या दिवशी मला बोलाव." दीड वर्ष झालं. अगं, बरा आहे तो. दुकानातली घड्याळं आपल्याविषयी कुजबुजतात म्हणून काम सोडलं ते सोडलंच, पण घरात घड्याळ ठेवलं नाही की शांत असतो. मी शाळेच्या घंटेवर वेळ ओळखते. आणि ऐक, परवा त्याने विनोद केला! दोन वर्षांत पहिला. मी ताट वाढलं तर म्हणतो, "कुणासाठी? मी तर नाहीये." मी म्हटलं, "नाहीस ना? मग तुझ्या वाटणीची भाजी मला." आणि खाल्ली की! तेव्हापासून आमचं हे रोज चालतं. मी विचारते, "घरात कोण आहे?" तो म्हणतो, "तू." माझंच पोर शेवटी, चेष्टा रक्तात आहे.

तब्येतीला जप. दुसऱ्यांना सुया टोचता टोचता स्वतः जेवायचं विसरू नकोस.

तुझी,
आई

१८ डिसेंबर

चि. नर्सबाई,

तुझं पत्र पोचलं. चार ओळींचं. औषधाच्या चिठ्ठीवर यापेक्षा जास्त लिहीत असशील. "तो विनोद नाही आई, त्याला आजच्या आज दाखव." बरं. वाचलं.

आधी मोजणीचं सांगते. शाळेच्या हॉलमध्ये बैठक झाली. मोजणीच्या मोठ्या डॉक्टरीणबाई आल्या होत्या, भिंतीवर रंगीत पट्ट्या दाखवत होत्या. म्हणाल्या, या शहरात दर दहांत एकाला मनाचा काही ना काही आजार आहे, आणि असलेल्यांतले निम्म्याहून जास्त कधी उपचाराला जातच नाहीत. मग बोट आमच्या गल्लीच्या पट्टीवर ठेवलं. पट्टी कसली, रेघ. चाळीस घरांत एक. ती एक म्हणजे मास्तरीणबाई. डॉक्टरीणबाईंनी आमच्याकडे बघून विचारलं, "तुमची गल्ली एवढी सुखी कशी, आम्हालाही सांगा." सगळी गल्ली माझ्याकडे बघून खिदळली. मीही पदर तोंडाला लावला.

मग त्यांनी पुढचं सांगितलं. जिथे आजार जास्त निघाला तिथे दर आठवड्याला डॉक्टर बसणार, औषध फुकट, घरी येऊन बघणार. पुलापलीकडच्या दोन वस्त्यांना मिळालं. आमच्या गल्लीला गरज नाही. पुढची मोजणी तीन वर्षांनी.

हसणं कसं थांबलं ते तू बघायला हवं होतंस. बेकरीवाल्याची बायको उठली, माझ्या समोर येऊन उभी राहिली, दोन वाक्यांत सांगितलं आणि निघून गेली. तिचा नवरा आता सहा महिने झाले दुकान उघडतो आणि काउंटरमागे नुसता बसून राहतो, हे तेव्हा मला कळलं. अशी किती घरं. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, आणि मी तर चाळीस मुठी झाकून दिल्या. आता नळावर मी गेले की कळश्या लवकर भरतात.

त्या पानात हे सगळं होतं गं. डॉक्टर बसणार ते. पोरीने वाचून दाखवलं होतं आणि मी तिच्या चपला बघत होते.

मी त्यांच्या कचेरीत गेले. म्हटलं, माझं उत्तर बदला, चेष्टा केली होती. पोरगी कावरीबावरी झाली. म्हणाली, "काकू, आकडे बंद झाले. आता एक बदलला तर सगळेच खोटे ठरतील." मी म्हटलं, "खोटेच आहेत." तिने माझं घर काढून बघितलं आणि टॅब माझ्याकडून वळवून घेतला. मी विचारलं काय आहे. म्हणाली, "काही नाही." मला माहीत होतं काय आहे ते.

घड्याळजी बारीक झालाय. थंडीत कुणाची भूक वाढते, कुणाची जाते. अर्धा पेला दूध घेतो, तेही मी पाठ केली तर. विनोद मी बंद केलाय. तो करतोच आहे.

डॉक्टरकडे नेते म्हटलं ना. तुझ्या आत्याला वेड्यांच्या इस्पितळाच्या गाडीत घालून नेलं तेव्हा तू पाळण्यात होतीस. तुझे बाबा तीन दिवसांनी भेटायला गेले तर म्हणाले, दुसरीकडे हलवली. दुसरीकडे गेले तर म्हणाले, इथे आलीच नाही. ती परत नाही दिसली. मी त्या माणसाला अकरा महिने गल्ल्या पालथ्या घालताना बघितलंय. म्हणून पाय उचलत नाही माझा. कारण सांगितलं, माफी मागितली नाही.

आई

२ जानेवारी

बाळ,

इस्पितळाच्या व्हरांड्यातल्या बाकावर बसून लिहिते आहे. मांडीवर मास्तरांचा गणवेशाचा पुठ्ठा आहे, म्हणून अक्षर बरं आलंय. तो जिवंत आहे. ते आधी वाच.

परवा सकाळी त्याने पाणीही घेतलं नाही. ओठ फुटले होते, उठवायला गेले तर पाय धरेनात. मास्तरांनी आणि बेकरीवाल्याने खुर्चीत बसवून खाली आणला. हो, त्याच बेकरीवाल्याने. गाडीत मी शेजारी बसले. त्याला इथे उतरवून घेताना म्हणाले, आई, तुम्ही बाहेर थांबा. मी पलंगाचा दांडा सोडला नाही. बोटं उलगडायला दोन नर्सा लागल्या.

डॉक्टरांनी विचारलं, कधीपासून. मी तारीख सांगितली. बरोबर तारीख सांगितली, कारण ती मला दोन महिने रोज आठवते आहे. तुला लिहिलं नाही ते आता लिहिते.

पोरगी मोजणीला येणार हे त्याला ठाऊक होतं. मी नळावर ओरडून ओरडून सांगत होते, त्याने खिडकीतून ऐकलं असणार. त्या दिवशी त्याने आंघोळ केली. केस विंचरले. निळा शर्ट घातला, सगळी बटणं लावली, वरचंसुद्धा. मला वाटलं, उगाच. तो पडद्यामागे येऊन उभा राहिला. त्याचे पाय मला दिसत होते पडद्याखालून. पोरीला दिसत नव्हते, तिची पाठ होती.

तिने विचारलं, "घरात माणसं किती?"

मी पायांकडे बघत म्हटलं, "मी एकटीच. विधवा आहे बाई, मला कोण ठेवून घेतंय."

पोरगी हसली. मीही हसले. ते पाय जरा वेळ तिथेच होते, मग गेले.

मला वाटायचं, घड्याळं त्याला काय सांगतात कोण जाणे. डॉक्टरांना तो बोलला म्हणे. घड्याळं त्याला दोन वर्षं हेच सांगत होती, की तू नाहीस. तो मानत नव्हता. रोज भांडत होता त्यांच्याशी. त्या दिवशी तो पडद्यामागे विचारायलाच उभा होता, की बाई, माझ्यासारखे आणखी कुणी आहेत का, यावर काही औषध आहे का. मग त्याच्या आईने सरकारी कागदावर सांगितलं की तो नाही. त्यानंतर तो कशाला भांडेल?

आणि दुसऱ्या दिवशी त्याने ताट नको म्हटलं, तर मी त्याची भाजी खाल्ली. हसत खाल्ली. चार दिवस, आठ दिवस, रोज त्याला विचारलं, घरात कोण आहे. रोज त्याच्याकडून वदवून घेतलं. उचलली जीभ, लावली टाळ्याला. साऱ्या जन्माची सवय.

सलाईन लावलंय. नाकातून नळी घातलीय. मूत्रपिंडाला मार बसलाय, किती ते दोन दिवसांनी कळेल. डॉक्टर म्हणाले, मनाच्या आजाराला औषध आहे, असे बरे झालेले त्यांनी पाहिले आहेत, पण शरीर तोवर टिकायला हवं. शरीराने साथ दिली नाही तर, असं काही ते बोलले नाहीत. मी त्यांच्या तोंडाकडे बघून ओळखलं. तुझ्या वडिलांच्या वेळी असंच तोंड बघितलं होतं.

तो कुणाशी भांडत नाही. उलट फार शहाण्यासारखा बोलतो. काल नर्स नळी बघायला आली तर तिला हळूच म्हणाला, "हा पलंग कुणा माणसाला द्या, उगाच अडवून ठेवलाय." मग हात आखडून घेतला. तीन वेळा सुई काढून टाकलीय. आता मनगटं बांधलीत. मी बघते, बघवत नाही, पण बघते.

मी त्याला सांगितलं. पन्नास वेळा सांगितलं असेल. बाळा, तू आहेस, मी खोटं बोलले, मी घाबरले होते, आत्याला नेलं तसं तुला नेतील म्हणून बोलले. हात धरला त्याचा. रडले. तो माझ्याकडे बघून जरासा हसला. म्हणाला, "आई, तू पण ना." कसं हसला माहीत आहे? मी चेष्टा केल्यावर सगळे हसतात ना, माझं मन राखायला, तसं.

माझ्या तोंडचं खरं आता त्याला खरं वाटत नाही. मी या घरात खरं म्हणून काय बोलले होते कधी? तुझे बाबा गेले त्या दिवशीसुद्धा मी एक विनोद केला होता, तू त्यावरून माझ्याशी आठवडाभर बोलली नव्हतीस. तू कधीच हसली नाहीस माझ्या विनोदांना. मी तुला ठोकळा म्हणायचे. पाचवीत असताना त्याचं पेन चोरीला गेलं असं सगळे म्हणत होते, तेव्हा तू म्हणालीस, "त्याने हरवलंय, मी बघितलं." आणि तो रडत रडत कबूल झाला. तू म्हणालीस म्हणून.

मोजणीची पोरगी इथे आली आहे. तिला कुणी पाठवलं नाही, सुट्टी टाकून आलीय, सारखं मलाच सॉरी म्हणते. तिचं माहेर तुझ्या गावात आहे. आता निघणाऱ्या बसने जाते आणि हे पत्र तुझ्या वॉर्डात आणून तुझ्या हातात देते म्हणाली. फोनची वाट बघण्यात माझे दोन दिवस गेले. तुला राग आहे, तो खरा आहे, तो तसाच घेऊन ये. मला एक शब्द बोलू नकोस, चालेल. सरळ आत जा. तिसऱ्या नंबरचा पलंग, दाराकडे पाय. त्याला फक्त सांग, "तू आहेस." तुझ्या त्या ठोकळ्यासारख्या आवाजात सांग.

आशीर्वाद वगैरे मागाहून. उत्तर लिहीत बसू नकोस.

ये.

आई